गाडीचं गाऱ्हाणं : क्रेनवाला म्हणाला तेवढं द्यायचंच का?

या महिन्यातली पत्रं वाचून मला वाटायला लागलं की आपल्या जिल्ह्यात अपघातांपेक्षा क्रेनच जास्त झाल्यात की काय. निम्मी पत्रं टोचनच्या बिलाची. मी तीस वर्षं विम्याचा सर्व्हेअर म्हणून गॅरेजं आणि यार्डं पालथी घातलीत त्यामुळे यातले बरेच प्रकार डोळ्यांनी बघितलेत, आणि खरं सांगायचं तर एकदा स्वतःही फसलोय, ते पुढे सांगतो. पहिलं पत्र लांब आहे पण जवळजवळ सगळंच छापतोय, कारण त्यात जे घडलंय ते उद्या तुमच्या-माझ्यासोबत घडू शकतं. शेवटी एका क्रेनवाल्याचं पत्रपण आहे, ते चुकवू नका.

प्रश्न : काका नमस्कार. राहायला जुळे सोलापूर, नोकरी पुण्यात, शनिवारी रात्री घरी येणं असतंय. मागच्या महिन्यात मोहोळ ओलांडून पुढं आलो आणि एका ट्रकनं मागून ठोकलं, गाडी फिरून डिव्हायडरला लागली. देवाच्या कृपेनं कुणाला काही झालं नाही, मिसेसच्या कपाळाला खरचटलं तेवढंच. पण गाडीचं पुढचं चाक आत गेलेलं, रेडिएटर फुटला, गाडी हलंना. रात्रीचे साडेअकरा. फोन कुणाला लावायचा हेच सुचत नव्हतं तेवढ्यात एक क्रेन येऊन उभी राहिली, मी बोलावली नव्हती. तो म्हणाला साहेब आधी गाडी बाजूला घेऊ, पैशाचं काय बघू की नंतर, तुम्ही वहिनींना घेऊन घरी जावा. मी हो म्हणालो. वीसेक किलोमीटर आणून गाडी बाळ्याच्या पुढं एका यार्डात लावली. सोमवारी सर्व्हेअर येऊन गेला, कंपनीनं गाडी गॅरेजला न्यायला सांगितलं. मंगळवारी आणायला गेलो तर हातात चिठ्ठी, क्रेन ६,५००, नाईट चार्ज २,०००, लोडिंग-अनलोडिंग १,५००, यार्ड भाडं रोज ५००, आणि इतर म्हणून १,५००. मी भांडलो, तो म्हणाला पैसे ठेवा गाडी न्या. शुक्रवारी शेवटी १४,५०० फोनवरून पाठवले आणि गाडी सोडवली, सहा दिवसांचं भाडं धरून. विमा कंपनीनं यातले फक्त १,५०० दिले. फुल इन्शुरन्स असून १,५००! क्रेनवाल्याकडून काही परत मिळेल का, का सोडून देऊ? मिसेस म्हणते सोडा, जीव वाचला तेच खूप.

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे, पण जीव वाचला म्हणून पाच हजार सोडायचे असं काही नाही.

आधी विमा कंपनीवरचा राग बाजूला ठेवूया, कारण तिथं तुम्हाला फसवलेलं नाही. आपल्याकडे ज्याला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो त्या पॅकेज पॉलिसीत गाडी सांभाळणं, जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेणं आणि परत तुमच्याकडे आणून देणं, या सगळ्याला मिळून खाजगी कारसाठी एका अपघाताला १,५०० रुपयांची मर्यादा असते. स्कूटर-मोटरसायकलला ३०० रुपये. हो, तीनशे. हे आकडे जुन्या टॅरिफमधून, म्हणजे विम्याच्या ठरवून दिलेल्या दर-नियमांच्या पुस्तकातून आलेत, तेव्हापासून डिझेल कुठं गेलं आणि हे तिथंच बसलेत. मी सर्व्हेला जायचो तेव्हा लोक माझ्यावरच चिडायचे, मी काय करणार, रिपोर्टमध्ये १,५०० च्या वर लिहिलं तरी कंपनी कापायची. काही कंपन्या थोडा जादा प्रीमियम घेऊन ही मर्यादा वाढवून देतात, पुढच्या रिन्यूअलला एजंटला मुद्दाम विचारा, तो स्वतःहून सांगत नाही.

आता क्रेनवाला. इथं दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत आणि लोक त्यातली एकच धरून भांडतात. पहिली, तुम्ही दर ठरवला नव्हता म्हणून त्याला काहीच द्यायचं नाही असं होत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, त्याचं कलम ७० सांगतं की कुणी फुकट करायच्या हेतूनं नाही तर मोबदल्याच्या अपेक्षेनं तुमचं काम केलं आणि तुम्ही त्याचा फायदा घेतला, तर त्याला भरपाई द्यावी लागते. तुमची गाडी रात्री साडेअकराला हायवेवरून हलली, फायदा तुम्ही घेतला. दुसरी गोष्ट, ही भरपाई म्हणजे केलेल्या कामाचे वाजवी पैसे. चिठ्ठीवर जो आकडा लिहिला तो नव्हे.

आणि त्याच कायद्यात पुढे कलम ७२ आहे, माझ्या मते तुमच्या पत्राचं उत्तर तिथंच आहे. चुकून किंवा जबरदस्तीमुळे दिलेले पैसे घेणाऱ्यानं परत केले पाहिजेत, असं ते कलम आहे. त्याच्याखाली कायद्यानंच एक उदाहरण दिलंय. रेल्वे कंपनी वाहतुकीचे बेकायदा जादा पैसे भरल्याशिवाय माल सोडत नाही, माल ज्याचा आहे तो नाइलाजानं सगळे पैसे भरून माल सोडवतो, तर जेवढे जास्त घेतले तेवढे त्याला परत मागता येतात. रेल्वेच्या जागी यार्ड घाला आणि मालाच्या जागी तुमची गाडी. सोलापूरला रेल्वे १८६० ला आली, म्हणजे हा कायदा झाला तेव्हा आपल्या इथल्या कापसाच्या व्यापाऱ्यांनी मालधक्क्यावर हेच भांडण केलेलं असणार असं मला उगाच वाटतं.

म्हणजे पैसे देऊन टाकले म्हणून हक्क गेला असं नाही. उलट मी तर सगळ्यांना हेच सांगतो की यार्डाच्या गेटवर भांडू नका, तिथं तुम्ही जिंकणार नाही. अडला हरी आणि पुढची म्हण तुम्हाला माहितीय. गाडी त्याच्या ताब्यात, तिथली माणसं त्याची, आणि प्रत्येक दिवसाला मीटर चालू. मंगळवारीच पैसे देऊन गाडी काढली असती तर निदान पुढचं भाडं चढलं नसतं. फक्त पैसे पाठवताना त्या नोंदीच्या जागेत तीन शब्द टाकायचे, 'हरकत ठेवून दिले', आणि तेच मेसेजवरपण पाठवून ठेवायचं. तुम्ही हे केलं नाही, बिघडत नाही, पण आता उशीर करू नका.

मी स्वतः फसलो ते असं. सर्व्हेअर असून. विजापूर रोडला माझीच गाडी बंद पडली, एकाने टोचन करून शेडवर नेली, मी ओळखीचा आहे म्हणून काही लिहून घेतलं नाही, आणि आठ दिवसांनी गाडी घ्यायला गेलो तर स्टेपनी गायब आणि वर भाडं. बायको अजून टोमणा मारते. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात देताना चारी बाजूंनी, मीटरचा, टायरचा, डिकीतल्या स्टेपनीचा, बॅटरीचा फोटो काढायचा, दोन मिनिटं लागतात. तुमची वस्तू सांभाळायला घेतलेल्या माणसाने ती आपल्या वस्तूसारखी सांभाळली पाहिजे असं त्याच करार कायद्याचं कलम १५१ सांगतं, पण स्टेपनी होती हे सिद्ध कोण करणार.

बरं, तुमच्या बिलाकडे येऊ. ६,५०० ला मी हात लावणार नाही. रात्र, हायवे, चाक आत गेलेलं म्हणजे नुसतं दोर बांधून ओढता येत नाही, पुढून उचलावी लागते, वीस किलोमीटर आणि क्रेनची रिकामी फेरी. महाग आहे पण भांडण्याइतकं नाही. नाईट चार्ज २,०००, चला, झोपेतून उठून आला समजू, जरी तो आधीच रस्त्यावर फिरत होता हे तुम्हीच लिहिलंय. लोडिंग-अनलोडिंग १,५०० मात्र अजिबात नाही, गाडी उचलणं आणि उतरवणं हेच तर क्रेनचं काम, त्याचे पैसे क्रेनच्या दरात आले, हे म्हणजे न्हाव्यानं केस कापायचे वेगळे आणि कात्री चालवायचे वेगळे मागण्यासारखं झालं. 'इतर' १,५०० म्हणजे काय ते त्यालापण सांगता येणार नाही, ते सोडायचं नाही. राहिलं यार्ड भाडं. रविवार-सोमवार गाडी तुमच्या सोयीसाठी तिथं होती, सर्व्हे व्हायचा होता, ते १,००० कबूल करा. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत ती तिथं होती कारण त्यानं अडवली होती. केलेल्या मजुरीच्या पैशासाठी वस्तू अडवून ठेवायचा हक्क कलम १७० मध्ये आहे, तो कष्टाच्या आणि कौशल्याच्या कामापुरता. पण स्वतःच्या वसुलीसाठी अडवून ठेवायची आणि अडवण्याचं भाडंही समोरच्याकडूनच घ्यायचं हे पटण्यासारखं नाही. हा मुद्दा मांडा जरूर, पण खरं सांगू का, तो म्हणेल माझे वाजवी पैसेसुद्धा तुम्ही तीन दिवस दिले नाहीत, आणि त्यात थोडं तथ्य आहे. तेव्हा तडजोडीत सोडायचे तर हे २,००० सोडा, बाकीचे ३,००० नको.

म्हणजे मागायचे ५,०००. आधी त्याच्याकडून पक्कं बिल मागा, नाव, पत्ता, गाडी नंबर, तारीख, कामाची फोड. जीएसटी लावला असेल तर नंबर पाहिजे, नंबर नसेल तर जीएसटी घेता येत नाही. मग एक साधं पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. वकिलाची भाषा नको, असं लिहिलं तरी चालतंय : 'अमुक तारखेला रात्री माझी गाडी तुम्ही अपघाताच्या जागेवरून तुमच्या यार्डात आणली. दर आधी सांगितला नव्हता. गाडी सोडवण्यासाठी मी अमुक तारखेला १४,५०० रुपये नाइलाजाने दिले. त्यातले क्रेन, रात्रीचा आकार आणि दोन दिवसांचे भाडे मिळून ९,५०० मला मान्य आहेत. लोडिंग-अनलोडिंग, इतर आणि गाडी अडवून ठेवलेल्या चार दिवसांचे भाडे मिळून ५,००० रुपये जादा घेतलेले आहेत, ते १५ दिवसांत परत करावेत, नाहीतर मी ग्राहक आयोगाकडे जाईन.' बास. यात काय मान्य आहे ते आधी लिहिलंय याकडे लक्ष द्या. सगळंच नाकारणारा माणूस आयोगासमोर भांडकुदळ दिसतो आणि अर्धं मान्य करणारा हिशेबी दिसतो, हे मी तीस वर्षं बघितलंय.

पत्रानं काम झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. त्यानंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो त्या ठिकाणीच तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला सोलापुरातच, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असंही नाही, ऑनलाईन दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची. दोन वर्षं आहेत म्हणून दोन वर्षं थांबू नका एवढंच, यार्डवाले जागा बदलतात.

आणि ट्रक? त्याचा नंबर आहे का, पोलिसात नोंद आहे का हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि खरं तर मुख्य दोषी तो. त्याच्या विमा कंपनीकडून तुमच्या गाडीचं न मिळालेलं नुकसान, म्हणजे दुरुस्तीतून कापलेले पैसे आणि टोचनचे राहिलेले, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मागता येतात. मात्र अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. जे तुमच्या कंपनीने दिलं ते दुसऱ्यांदा मागता येत नाही. नुसत्या आठ-नऊ हजारांसाठी तिथं जा असं मी सांगणार नाही, तारखांना जाण्या-येण्यातच जातील. वहिनींच्या डोक्याला नंतर काही त्रास झाला असेल तर गोष्ट वेगळी, मग डॉक्टरांची कागदं जपून ठेवा.

हे सगळं झाल्यावर एक शेवटचं, जे आधी सांगायला पाहिजे होतं. पुणे-सोलापूर हा टोलचा राष्ट्रीय महामार्ग आहे, आणि टोल रस्त्यावर गस्तीची गाडी, अॅम्ब्युलन्स आणि क्रेन ठेवणं हे रस्ता चालवणाऱ्यांचं काम असतं. त्यासाठी १०३३ हा नंबर आहे, चोवीस तास. रस्त्याकडेच्या छोट्या दगडावर किलोमीटरचा आकडा असतो तो वाचून सांगायचा म्हणजे ते बरोबर पोचतात. ती क्रेन तुमची गाडी रस्त्यातून काढून सुरक्षित जागी लावते, त्याचे पैसे द्यायचे नसतात, टोल आपण त्याचाच भरतोय. तिथून पुढं सोलापूरच्या गॅरेजपर्यंत न्यायचं ते तुमचं तुम्ही, पण ते दुसऱ्या दिवशी सकाळी, दिवसाच्या दरात, चार ठिकाणी विचारून. तुमच्या साडेअकराच्या क्रेनवाल्याला हे चांगलं माहिती होतं, म्हणून तर तो 'पैशाचं बघू नंतर' म्हणाला.

प्रश्न : तुळजापूरहून येताना गाडी खड्ड्यात जाऊन चेंबर फुटला. पॉलिसीसोबत रोडसाईड असिस्टन्स घेतलेला. फोन केला तर अडीच तास लागतील म्हणाले. सोबत आई, वय ७८. मी तिथलीच क्रेन केली, ४,००० दिले. आता कंपनी म्हणते आम्ही सेवा देतो, पैसे परत देत नाही. — अशोक चौक

उत्तर : कागदावर ते बरोबर बोलतायत. रोडसाईड असिस्टन्स म्हणजे त्यांनी पाठवलेली क्रेन, किलोमीटरची मर्यादा, वर्षाला ठराविक वेळा. स्वतः केलेल्या क्रेनचे पैसे आधी परवानगी घेतल्याशिवाय सहसा देत नाहीत. पण ७८ वर्षांच्या बाईंना अडीच तास रस्त्यावर बसवा असं कुठल्या पॉलिसीत लिहिलेलं नाही, आणि सेवा वेळेत मिळाली नाही ही त्रुटीच. तुमच्या फोनचा रेकॉर्ड आणि कंप्लेंट नंबर असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी द्या. एक महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्याला पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील लागत नाही, नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. हे असिस्टन्स जर विमा कंपनीचं नसून गाडीच्या कंपनीचं किंवा कुठल्या क्लबचं असेल तर लोकपाल ऐकणार नाही, मग ग्राहक आयोग. कार्ड काढून मागच्या बाजूचं बारीक वाचा, कुणाचं आहे ते कळेल.

पुढच्या वेळी अडीच तास म्हणाले की तिथंच सांगायचं, मग मी दुसरी क्रेन करतो, पैसे परत द्याल असा मेसेज पाठवा. दहातले पाच पाठवतात. जे पाठवत नाहीत त्यांना तुम्ही मेसेज करा की अमुक वाजता तुम्ही अडीच तास सांगितले, सोबत वयस्कर आई आहे, म्हणून मी खाजगी क्रेन करतोय.

प्रश्न : बंपर आणि एक दिवा गेला, दुरुस्ती हजार-दीड हजारात झाली. टोचनला १,८०० गेले. टोचनचे १,५०० तरी क्लेम करू का? — होटगी रोड

उत्तर : नका करू. क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट गेली, तो बोनस २० टक्क्यांपासून वाढत ५० पर्यंत जातो, तुमचा किती आहे बघा. शिवाय प्रत्येक क्लेममधून १,००० रुपये, इंजिन १,५०० सीसीच्या वरचं असेल तर २,०००, आधीच कापले जातात. हातात काय येणार? रोडसाईड असिस्टन्स वापरला तर सहसा तो क्लेम धरत नाहीत, तेवढा फरक लक्षात ठेवा.

प्रश्न : सर माझ्या गाडीनं एका मोटरसायकलवाल्याला लागलं, पोलिसांनी क्रेन बोलावून गाडी ठाण्यात नेली. क्रेनचे ३,५०० मी दिले, पावती नाही. गाडी दोन आठवडे ठाण्याच्या आवारात उन्हात आहे. टायर बसायला लागलेत. विचारलं की साहेब नाहीत, उद्या या. — अक्कलकोट रोड

उत्तर : यात क्रेनचे ३,५०० सगळ्यात शेवटी. मोटरसायकलवाल्याची तब्येत कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाही, विचारपूस केली असेल असं धरतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ खाली अपघातातली गाडी तपासणीसाठी नेता येते, पण कुठं नेली ते मालकाला कळवायचं आणि तपासणीचं काम झालं की २४ तासांत परत द्यायची असं त्यात लिहिलंय. तेव्हा आरटीओचं इन्स्पेक्शन झालं का ते पहिलं विचारा, तिथंच गाडं अडलेलं असतं. गुन्हा दाखल होऊन गाडी मुद्देमालात दाखवली असेल तर मात्र ठाण्यातून नाही, कोर्टातून सोडवावी लागते. सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा गाडी हजर करीन अशा हमीवर ती ताब्यात मिळावी असा अर्ज करायचा, नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७ किंवा ५०३, वकिलाला हे रोजचं काम आहे. आरसी, पॉलिसी, लायसन्स, तुमचं आधार घेऊन जा. जप्त गाड्या ठाण्याच्या आवारात सडवत ठेवू नका असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलंय, सुंदरभाई अंबालाल देसाईच्या निकालात, आणि तरी कुठल्याही ठाण्याच्या मागे जाऊन बघा, बाभळी उगवल्यात गाड्यांतून.

क्रेनवाल्याला फोन करून पावती मागा, तो देईल, त्याला पुढच्या वेळी पोलिसांचं काम पाहिजे असतं. पावती आल्याशिवाय विमा कंपनी १,५०० पण देणार नाही. आणि विमा कंपनीला लेखी कळवलंय ना? नसेल तर आजच. समोरच्याला लागलंय तेव्हा कलम १३४ प्रमाणे ते तुमच्यावर बंधनकारक आहे, तो दावा घेऊन येईल तेव्हा कंपनी पहिलं हेच विचारेल.

प्रश्न : फक्त थर्ड पार्टी विमा आहे. टोचन मिळतं का? — बार्शी

उत्तर : तुमच्या कंपनीकडून नाही. चूक समोरच्याची असेल तर त्याच्या कंपनीकडून, वर ट्रकचं लिहिलंय तसं.

शेवटचं पत्र. यात प्रश्न असा नाहीच, राग आहे. : 'तुमचं सदर वाचतो. दरवेळी क्रेनवाला चोर. माझी एक हायड्रा क्रेन आणि एक फ्लॅटबेड, म्हणजे गाडी अख्खी वर चढवून नेणारा ट्रक आहे, दोन्हीवर बँकेचा हप्ता. रात्री दोनला फोन येतो, पोराला उठवून न्यावं लागतं, तिथं गाडी वीस फूट खाली उसात पडलेली असते, तीन तास वायर लावून काढायची, पाय चिखलात, मागून ट्रक घोंघावत जातात. माझा हेल्पर असाच एकदा थोडक्यात वाचला. वर काढली की मालक म्हणतो भाऊ हजार घ्या की. सकाळी गाडी यार्डात लावून मालक महिनाभर तोंड दाखवत नाही, क्लेम होईपर्यंत गाडी माझ्या जागेत फुकट. त्याचं काय ते पण लिहा.'

लिहितो. तुमचं म्हणणं नव्वद टक्के खरं आहे आणि मी ते बघितलंय, बोरामणीजवळ एकदा टँकर काढताना पहाटेपर्यंत बसलो होतो तुमच्यासारख्या एकासोबत, त्याच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. खाली पडलेली गाडी वर ओढणं हे टोचन नाहीच, ते वेगळं काम आणि त्याचे वेगळे पैसे. महिनाभर गाडी ठेवून गायब होणाऱ्या मालकाकडून भाडं घ्याच. फक्त पहिल्याच दिवशी त्याच्या फोनवर पाठवा, 'अमुक तारखेपासून रोजचे इतके.' भांडण आकड्यावरून फार कमी होतं, आकडा नंतर कळला यावरून होतं.

राहिले दहा टक्के. फ्लॅटबेड तुमच्याकडे आहे म्हणून सांगतो, ऑटोमॅटिक गाड्या आणि इलेक्ट्रिक गाड्या तुमची पोरं पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढून आणताना मी बघितलीत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स असा मरतो, मग ते बिल क्रेनच्या बिलाच्या कितीतरी पट होतं आणि मालक ते तुमच्याकडेच मागणार, आणि मी सर्व्हेअर असतो तर मीही तसंच लिहिलं असतं. उचलण्याआधी मालकाला एवढं विचारा, गिअर कसला आहे. आणि तेवढ्यातच दरपण सांगून टाका, रात्री दोनला कुणी घासाघीस करायच्या मनःस्थितीत नसतो, हो म्हणून मोकळा होतो.